खिरीतले केशर

ओकारीवर दिवाळी अंकात लिहू नये, असे आमच्या हिचे स्पष्ट मत आहे. वाचणाऱ्याच्या एका हातात चकली असते, निदान तिचा तरी मान राखावा, असे ती म्हणते. तिचे म्हणणे मला पटते. आणि तरीही मी लिहायला बसलो आहे. कारण दिवाळीतच घरोघर म्हातारी माणसे पानावर बसतात, ताटातले अर्धे तसेच ठेवतात आणि "आताशा पोट साथ देत नाही रे" एवढे म्हणून आतल्या खोलीत जाऊन आडवी होतात. आपण "बरं, पडा जरा" म्हणतो आणि पुढची करंजी उचलतो. मीही उचलली आहे.

गोष्ट २०२२ सालची. आमच्या आईला तेव्हा शहात्तरावे वर्ष चालू होते. आम्ही वाईला राहतो. आई तशी काटक. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या अजून धरून धरून का होईना, उतरते. पण त्याआधी चार-पाच वर्षांपासून तिच्या नाडीचा ताल बिघडला होता. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले होते, आणि तीन गोळ्या कायमच्या मागे लागल्या होत्या. एक रक्त पातळ ठेवणारी. दुसरी पायांवरची सूज उतरवणारी. आई तिला सरळ 'लघवीची गोळी' म्हणे. तिसरी अगदी बारीक, पांढरी, गोल. तिचे नाव डिगॉक्सिन. आईने तिचे बारसे 'साबुदाणा' असे केले होते. हा साबुदाणा आठवड्यातून पाच दिवस घ्यायचा आणि शनिवार-रविवार सोडायचा, असा डॉक्टरांचा नेम होता. आमच्या शाळेला शनिवारी अर्धी तरी शाळा असते. साबुदाण्याला मात्र पुरे दोन दिवस सुट्टी, म्हणून आई मला चिडवीत असे.

गोळ्या द्यायचे काम माझे. आठवड्याच्या वारांचे सात कप्पे असलेला एक डबा मी आणला होता. दर रविवारी रात्री तो भरताना मला आपण फार कर्तव्यदक्ष मुलगा आहोत असे वाटे. या वाटण्याबद्दल पुढे लिहावे लागणार आहे.

त्या वर्षी ४ सप्टेंबरला, रविवारी, गौरी जेवल्या. पुरणपोळी, सोळा भाज्या, घरभर पाहुणे. दुसऱ्या दिवशी गौरी बोळवल्या आणि रात्रीपासून आम्हा तिघाचौघांची पोटे बिघडली. बाहेरून आणलेल्या खव्यावर सर्वांचा संशय होता. तो खरा की खोटा कोण जाणे. आम्ही दोन दिवसांत उठून कामाला लागलो. आईचेही जुलाब थांबले. ओकाऱ्या मात्र थांबल्या नाहीत. गौरी गेल्या, पाहुणे गेले, ९ तारखेला गणपती गेले. ओकारी तेवढी मुक्कामाला राहिली.

किती वेळा होते, हे आम्हांला कळतच नव्हते, कारण आई ते लपवीत होती. रात्री परसात तांब्याचा आवाज यायचा, मग खळखळून चूळ भरल्याचा. विचारले तर "काही नाही, घशाला कोरड पडली होती." तिच्या पिढीच्या बाईने आपल्या पोटातून काय बाहेर पडले हे मुलाला सांगणे म्हणजे असभ्यपणाच. शिवाय इस्पितळाची धास्ती. आमचे वडील इस्पितळात गेले ते परत आले नव्हते. स्वयंपाकघरात फोडणी पडली की ती पदर नाकाशी धरून अंगणात जाई. भात पाहिला की मान फिरवी. पहिल्या आठवड्यातच तिच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. हे हिच्या लक्षात आले, माझ्या नाही.

घरगुती उपाय काय कमी झाले? आल्याचा रस आणि लिंबू झाले, मोरावळा झाला, साळीच्या लाह्यांचे पाणी झाले, वेलदोड्याची पूड मधातून झाली. शेजारच्या काकूंनी मोरपिसाची राख आणून दिली. लाह्यांच्या पाण्याने निदान पोटात दोन घोट पाणी तरी जाई, म्हणून त्याला मी नावे ठेवणार नाही. जवळच्या दवाखान्यातही नेऊन आणले. डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली, ओकारी थांबवण्याची दिली, "वय झालंय, पचन मंदावतं" असे म्हणाले. "दुसरी काही औषधं चालू आहेत का?" हेही त्यांनी विचारले. मी म्हणालो, "नेहमीची चालू आहेत."

'नेहमीची' या शब्दावर मी नंतर फार विचार केला आहे. माणसाला ज्याची सवय होते, ते त्याला दिसेनासे होते. त्या तीन गोळ्या मला औषधे वाटतच नव्हत्या. त्या आईच्या जपमाळेसारख्या, चष्म्यासारख्या तिच्याच एक भाग झाल्या होत्या.

आता माझ्या कर्तव्यदक्षतेविषयी. गणपती जायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आईने सकाळी साबुदाणा घेतला आणि दहा मिनिटांत ओकली. गोळी वाया गेली असे समजून मी लगेच दुसरी दिली. शुक्रवारी पुन्हा तेच झाले. दुसरी द्यायला ती तयार होईना. मग मी काय करावे? मास्तराच्या डोक्याने विचार केला. बुडालेला तास सुट्टीच्या दिवशी भरून काढतात. शनिवारी साबुदाण्याची सुट्टी होती. त्या दिवशी मी आईला शुक्रवारची गोळी दिली. पुढच्या आठवड्यातही असा एक जादा तास मी घेतला. लघवीची गोळी तर न चुकता रोज चालूच होती. म्हणजे एका बाजूने ही चमच्याचमच्याने पाणी पाजत होती आणि दुसऱ्या बाजूने मी गोळी देऊन ते काढून घेत होतो. कुणालाही विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही आहे, असेच वाटले नाही.

पितृपंधरवडा लागला. १६ तारखेला आमच्या वडिलांची तिथी होती. आईने कसेबसे उठून, भिंतीला टेकून, सगळे नीट होते आहे ना यावर लक्ष ठेवले. पाने वाढून झाली तेव्हा तिने वाटीकडे बोट केले आणि हिला म्हणाली, "खिरीत केशर कशाला घातलंस? श्राद्धाची खीर पांढरीच असावी."

हिने केशर घातले नव्हते. आमच्या घरात त्या दिवशी केशराची काडीसुद्धा नव्हती. ही काही बोलली नाही. पण तिचा चेहरा उतरला. पहाटेपासून ओवळ्यात न उठता बाईने एकटीने स्वयंपाक केलेला, आणि वर हे ऐकायचे. मी मध्ये पडून "असू दे, तिचं वय झालंय" असे डोळ्यांनीच सुचवले. त्याच संध्याकाळी देवापाशी समई लावली तेव्हा आई म्हणाली, "समईला खळं पडलंय रे. पाऊस येणार बहुतेक." चंद्राला खळे पडते हे ऐकले होते, समईला खळे ही कल्पना मला इतकी आवडली की मी उठून माझी वही काढली.

मी कादंबऱ्या लिहितो. त्या दिवसांत जी हातात होती तिच्यात एक म्हातारी होती, आणि ती काही केल्या बोलत नव्हती. मी वहीत तारीख घालून दोन्ही वाक्ये टिपून घेतली: केशराचे आणि खळ्याचे. खाली लिहिले, 'म्हातारपणी जग असे थोडे सोनेरी दिसत असेल काय?' हे वाक्य मी येथे देतो आहे ते शिक्षा म्हणून.

त्यानंतरचे पाचसहा दिवस मला नीट क्रमाने आठवत नाहीत. आई दिवसाही झोपू लागली. पाणी मागेना. मागत नाही म्हणजे तहान नसेल, असे आम्ही समजलो. वयाबरोबर तहानेची जाणीवच बोथट होते, शरीर सुकत चालले तरी म्हातारे माणूस पाणी मागत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हते. जीभ लाकडासारखी कोरडी, दिवसातून दोनदा गडद लघवी. कातडीची चिमटी घेऊन पाहावी तर म्हाताऱ्या माणसाची कातडी एरवीही तशीच उभी राहते, त्यावरून काही कळत नाही. २२ तारखेला पहाटे मी तिच्या उशाशी गेलो, तेव्हा तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, अंघोळीचं पाणी काढलंय. निवून जाईल."

तिने आयुष्यात 'अहो' फक्त एका माणसाला म्हटले होते, आणि त्याची तिथी होऊन सहा दिवस झाले होते.

ही आईचे मनगट धरून बसली होती. म्हणाली, "नाडी फार सावकाश लागतेय. मी दोनदा मोजली." शेजाऱ्यांची गाडी काढून आम्ही सातारा गाठले. वाटेत आई मध्येच शुद्धीवर येऊन "पक्षपंधरवड्यात कुठे नेता रे मला?" असे म्हणाली.

तिथल्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी आईच्या पोटाला हात लावण्याआधी आम्हांला विचारले, "घरातली औषधं आणलीत का? सगळी." मी फायली आणल्या होत्या. औषधे आणली होती ती हिने. निघता निघता तिने डब्यासकट सगळी फळी एका पिशवीत रिकामी केली होती. बाईंनी ती पिशवी एका तबकात पालथी केली आणि धान्य निवडावे तशी एकेक पट्टी बाजूला केली. साबुदाण्याच्या पट्टीवर त्यांचे बोट थांबले. नाडी चव्वेचाळीस होती. मग त्यांनी विचारले, "आजी गेल्या काही दिवसांत असं काही म्हणाल्या का, की वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात? दिव्याभोवती कडं दिसतं?"

"केशर!" ही जवळजवळ ओरडलीच.

वही माझ्या पिशवीत होती. मी ती काढून दिली. बाईंनी पान वाचले, तारीख पाहिली, खालचे माझे वाक्यही वाचले असावे. "लिहिता छान," त्या म्हणाल्या, आणि त्यात उपरोध नव्हता. "पण हे कुणातरी डॉक्टरला सहा दिवसांपूर्वी सांगायला हवं होतं."

मग त्यांनी जे समजावले ते असे. हा साबुदाणा शरीरातून बाहेर जातो तो मुख्यतः लघवीवाटे. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे असते. जुलाबांनी शरीरातले पाणी गेले, म्हाताऱ्या मूत्रपिंडांचे काम मंदावले, आणि रोजची तीच गोळी आत साठत गेली. साठलेल्या औषधाने ओकारी सुरू झाली. ओकारीने आणखी पाणी गेले. मूत्रपिंड आणखी थकले. त्यात लघवीच्या गोळीने आणि ओकाऱ्यांनी रक्तातले पोटॅशियम उतरले, आणि पोटॅशियम कमी असले की हृदयावर या औषधाचा विषारी परिणाम जास्त होतो. वर माझे जादा तास. आणि ज्या गोष्टीने मी सर्वांत थक्क झालो ती ही, की ही ओकारी पोटातून येतच नव्हती. ओकारी घडवून आणणारे केंद्र मेंदूत असते. रक्तातले औषध तिथे जाऊन टोचत होते. आम्ही सतरा दिवस आले, लिंबू, राख घेऊन एका निरपराध पोटाच्या मागे लागलो होतो.

या औषधाची कुळकथा मी पुढे वाचली. १७७५ च्या सुमारास विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरकडे श्रॉपशर परगण्यातल्या एका म्हातारीचा, अंगाला पाणी धरण्यावरचा गुप्त काढा तपासायला आला. त्यात वीसेक वनस्पती होत्या, आणि तो घेतल्यावर रोग्यांना जोराच्या ओकाऱ्या व जुलाब होत. त्यांतली कामाची वनस्पती फॉक्सग्लव्ह, हे त्याने ताडले आणि दहा वर्षे प्रयोग करून १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. मात्रा चढली की मळमळ, ओकारी, मंद नाडी आणि वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणे, हे सगळे त्याने त्यात नोंदवले आहे. आमचा साबुदाणा त्याच कुळातल्या दुसऱ्या एका झाडाच्या पानांतून १९३० साली वेगळा काढला गेला. म्हणजे आमच्या आईच्या खिरीतले केशर दोनशे सदतीस वर्षे आधी छापून आले होते.

आईचे रक्त तपासले. पोटॅशियम ३.५ च्या खाली नसावे, ते २.९ होते. औषधाचे रक्तातले प्रमाण तपासायला नमुना पुण्याला गेला. दोनच्या आत असायला हवे ते ३.४ निघाले. पण त्या आकड्यासाठी बाई थांबल्या नाहीत. साबुदाणा बंद, लघवीची गोळी बंद, छातीला तारा लावून हृदयाचा आलेख चालू, आणि शिरेतून सलाइन, तेही अगदी संथ. कारण दुबळ्या हृदयाला पाणी एकदम झेपत नाही. मी विचारले, "ओकारी थांबवणारं चांगलं इंजेक्शन देऊन टाका ना." त्या म्हणाल्या, "देता येईल. पण त्यांतली काही म्हाताऱ्या माणसांना गुंगी आणतात, काहींनी हातपाय कापायला लागतात, काही हृदयाचा ताल बिघडवतात. यांचा तर आधीच बिघडलाय. कारण हातात असताना नुसता आवाज कशाला बंद करायचा?" निरोगी मूत्रपिंडे असली तर हे औषध दीड-दोन दिवसांत निम्मे होते; थकलेली असली तर चार-पाच दिवस लागतात. तोवर वाट पाहायची.

वाट कशी पाहायची ते मला तिथल्या रात्रपाळीच्या सिस्टरने शिकवले. कोल्हापूरकडच्या होत्या, बोलायला ठसठशीत. पहिल्या रात्री मी आईला प्रेमाने अर्धा पेला पाणी पाजले आणि ते सगळे चादरीवर आले. सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, पेला नव्हं, चमचा. घड्याळ समोर ठेवा. दोन मिनिटांला एक." पाच मिलिलिटरचा चमचा, तासाला तीस, म्हणजे तासाला दीडशे मिलिलिटर. गणित सोपे, पण करून पाहावे. तिसऱ्या चमच्यालाच माणसाला वाटते, घेते आहे तर घेऊ दे की जरा जास्त. तो मोह आवरायचा. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा पहिल्या चमच्यापासून सुरुवात. आईला आडवे ठेवून पाजायचे नाही, पाठीशी उशा देऊन बसवायचे. झोपेल तेव्हा डाव्या कुशीवर, म्हणजे ओकारी आलीच तर श्वासनळीत जाणार नाही. कवळी काढून ठेवायची. आत किती गेले आणि बाहेर किती आले, हे कागदावर लिहायचे. हजेरीपट भरण्यात माझा हात चांगला आहे. तो कागद मी सुरेख ठेवला. तिसऱ्या दिवशी 'लघवी' या रकान्यात आकडा वाढलेला पाहून मला जो आनंद झाला, तो माझ्या पहिल्या कादंबरीच्या छापील प्रतीने दिला नव्हता.

रात्री चमच्याचमच्याच्या मधल्या दोन मिनिटांत सिस्टर बोलत. त्या वॉर्डात ओकारीची आणखी तीन म्हातारी माणसे होती, आणि तिघांचीही ओकारी वेगळी होती. दारालगतच्या आजोबांना नुसती मळमळ आणि घाम होता. छातीत दुखलेच नव्हते, आणि तो निघाला हृदयविकाराचा झटका. एका आजीबाईंना आठ दिवस शौचाला साफ झाले नव्हते. खालची वाट बंद, म्हणून वरून उलटत होते. पोट फुगलेले, वाराही सरत नाही आणि हिरवी ओकारी येते, तर घरी एक तास थांबू नये, असे सिस्टरांनी मला दोनदा बजावले. तिसऱ्या बाई गुडघेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षे उपाशीपोटी घेत होत्या. त्यांची ओकारी काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी. ते जठरात वाहिलेले रक्त होते. "आन् घरचे म्हणत्यात, पित्त झालंय," सिस्टर म्हणाल्या. मी खाली मान घालून चमचा भरला.

चौथ्या दिवशी सकाळी आईने स्वतःहून विचारले, "इथे चहा मिळत नाही का?" चहा मिळाला नाही, पण निवलेली तांदळाची पेज मिळाली. गरम अन्नाचा वास उठतो आणि मळमळ चाळवते. निवलेले बरे जाते, हेही तिथेच कळले. खिडकीवरच्या पडद्याकडे बघून ती म्हणाली, "आज धुतला वाटतं." तो धुतलेला नव्हता. नुसता पांढरा होता.

नवरात्रात आम्ही तिला घरी आणले. साबुदाणा कायमचा गेला. नाडीसाठी दुसरी गोळी आली. लघवीची गोळी परत आली, पण एका अटीवर: जुलाब किंवा ओकाऱ्या सुरू झाल्या, की त्याच दिवशी फोन करून विचारायचे, ही गोळी द्यायची की थांबवायची. मनाने द्यायची नाही आणि मनाने बंदही करायची नाही. ओकलेली गोळी पुन्हा द्यायची की नाही, तेही विचारायचे.

ऑक्टोबरच्या मध्यावर एके दिवशी वर्तमानपत्र उघडले तर डॉ. दिलीप महालनबीस गेल्याची बातमी होती. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा या माणसाने मीठ, साखर आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावली. शेकडा तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चारच्या खाली आले. आज औषधाच्या दुकानात मिळते ती पुडी याच विद्येची. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. जास्त मीठ घातले तर अपाय होतो, आणि आईसारख्या हृदयाच्या दुखणाइताला हे पाणीदेखील किती पाजायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. पुढच्या जानेवारीत त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. मला आपले छावणीतले ते नातेवाईक दिसत राहिले: पिंपाशी रांगेत उभे, हातात भांडे, कुणाची तरी आई चटईवर.

जादा तासांची गोष्ट मी आईला सांगितली नव्हती. डॉक्टरीणबाईंना सांगितली होती, हिला सांगितली होती. आईपाशी शब्द फुटत नव्हता. २४ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले. पहाटे तिला तेल लावताना (खांद्याची हाडे हाताला लागत होती) मी सगळे सांगून टाकले. ओकलेल्या गोळीवर दुसरी दिली, सुट्टीच्या दिवशी दिली, तुझी वाक्ये वहीत लिहून घेतली आणि कुणाला सांगितली नाहीत. आई गप्प बसून ऐकत होती. मी तयारीत होतो. रागाच्याही आणि क्षमेच्याही.

"म्हणजे," ती म्हणाली, "खीर पांढरीच होती?"

"पांढरीच होती."

तिने तशाच तेलकट हाताने हिला हाक मारली. ही चुलीवरचे पाणी सोडून धावत आली. "अगं, श्राद्धाच्या दिवशी तुला उगीच बोलले मी," आई म्हणाली. "मनात ठेवू नकोस." माझ्याविषयी ती त्या दिवशी काहीच बोलली नाही, आणि पुढेही नाही. कादंबरीतून ती दोन्ही वाक्ये मी काढून टाकली. त्या म्हातारीला आता मोतीबिंदू आहे. ती फारशी बोलत नाही.

भाऊबीजेला मामा आले. ओवाळून झाले, फराळाची ताटली पुढे आली, मामांनी चिवड्याचे चार दाणे तोंडात टाकले आणि ताटली सरकवली. "आताशा पोट साथ देत नाही ग, ताई. सकाळी उठलं की मळमळतं."

आई त्यांच्या पिशवीकडे बघत होती. "गोळ्या कुठल्या घेतोस?"

"काही नाही. नेहमीच्याच."

आईने ओवाळणीचे तबक उचलले, त्यातले निरांजन, सुपारी आणि अक्षता बाजूला काढल्या आणि तबक मामांच्या पुढ्यात ठेवले. "सगळ्या ओत यात."

मामा हसले, पण धाकट्या भावाची सवय, त्यांनी मुकाट्याने पिशवी उलटी केली. आठ पट्ट्या निघाल्या. मी चष्मा लावून बारीक अक्षरे वाचू लागलो. त्यांतल्या दोन पट्ट्यांवरची मोठी नावे निराळी होती आणि खालचे बारीक नाव एकच. दोन डॉक्टरांनी दिलेली, दोन्ही गुडघ्यांच्या दुखण्यावरची.

"उपाशीपोटी घेतोस?" आईने विचारले.

"सकाळीच बरं पडतं. पण ती गुडघ्याची आहे, ताई. तिचा पोटाशी काय संबंध?"

आईने माझ्याकडे पाहिले. मी उठून गाडीवाल्या शेजाऱ्यांना हाक मारायला गेलो.